'ऑरगॅनिक' सौंदर्यप्रसाधने : नावाला भुलू नका, डबीची मागची बाजू वाचा

ईद असो की घरातला निकाह, आपल्या घरांत चार वस्तू हमखास आणल्या जातात : मेहंदी, सुरमा, अत्तर आणि चेहऱ्याला लावायची एखादी क्रीम. पूर्वी या वस्तू ओळखीच्या दुकानातून यायच्या. आता त्या मोबाईलवरून मागवल्या जातात आणि जवळपास प्रत्येक डबीवर 'ऑरगॅनिक', 'हर्बल', 'शंभर टक्के नॅचरल' नाहीतर 'केमिकल फ्री' असे काहीतरी छापलेले असते. बाजारातल्या नेहमीच्या प्रसाधनांची धास्ती वाटू लागल्यामुळे अनेक भगिनी दोन पैसे जास्त मोजून याच वस्तू घेतात. त्यामागची काळजी रास्त आहे. पण नुसत्या नावावर विसंबलो तर पैसेही जातात आणि कधी कधी तब्येतही.

म्हणून या लेखात आम्ही घरात रोज लागणाऱ्या प्रसाधनांची माहिती एकत्र दिली आहे. कोणती वस्तू आधी घराबाहेर काढावी, कोणता नैसर्गिक पर्याय खरोखर चांगला आहे आणि विकत घेताना डबीवर काय पाहावे, हे सगळे क्रमाने पाहू.

'ऑरगॅनिक' म्हणजे नेमके काय?

ऑरगॅनिक म्हणजे रासायनिक खते आणि कीटकनाशके न वापरता केलेल्या शेतीतला माल. खाद्यपदार्थांसाठी आपल्या देशात याचे नियम आहेत. प्रमाणित मालावर 'जैविक भारत'ची खूण असते. सौंदर्यप्रसाधनांचे तसे नाही. त्यांना औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू होतात. परवाना, लेबल, शिसे आणि पारा यांच्या मर्यादा या गोष्टी त्यात आहेत. पण 'ऑरगॅनिक क्रीम' कशाला म्हणायचे याची वेगळी व्याख्या त्यात नाही. त्यामुळे डबीवर हा शब्द छापणे सोपे झाले आहे.

खरी ऑरगॅनिक वस्तू ओळखायची तर प्रमाणपत्राची खूण पाहावी लागते. कॉसमॉस, इकोसर्ट, नेट्रू, यूएसडीए ऑरगॅनिक ही त्यातली ओळखीची नावे. कॉसमॉसच्या 'ऑरगॅनिक' दर्जासाठी तेल, अर्क यांसारख्या साध्या प्रक्रियेच्या शेतीजन्य घटकांपैकी किमान ९५ टक्के घटक सेंद्रिय असावे लागतात. शिवाय संपूर्ण वस्तूत किमान २० टक्के आणि शाम्पूसारख्या धुऊन टाकायच्या वस्तूत किमान १० टक्के भाग सेंद्रिय असावा लागतो. आकडा लहान वाटेल, पण शाम्पूत बहुतेक पाणीच असते आणि पाणी काही शेतात पिकत नाही.

'नॅचरल' आणि 'हर्बल' या शब्दांना तर एवढेही माप नाही. कोरफडीचा एक थेंब टाकला तरी डबीवर कोरफडीचे चित्र येते. 'केमिकल फ्री' या शब्दाला काहीच अर्थ नाही, कारण पाणीसुद्धा रसायनच आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : शिसे, पारा आणि आर्सेनिक हेही जमिनीतूनच निघतात. 'नैसर्गिक' म्हणजे 'निर्धोक' असे समीकरण नाही.

गोरे करणारी क्रीम : सगळ्यात आधी ही बाहेर काढा

स्थळ बघायला येणार म्हटले की मुलीच्या रंगाची चर्चा सुरू होते. कुणी खाला, कुणी भाभी एखादी डबी आणून देते. "आठ दिवसांत फरक पडतो" म्हणते, आणि फरक खरोखरच पडतो. तिथेच शंका यायला हवी.

इतक्या झटपट रंग उजळवणाऱ्या क्रीममध्ये बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते : पारा किंवा स्टेरॉइड. पारा त्वचेत रंग तयार होण्याची क्रियाच थांबवतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडावर बसतो. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी आली होती. ब्युटिशियनकडून घेतलेली क्रीम वापरल्यानंतर एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना त्रास झाला आणि क्रीममध्ये पारा सापडला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यातल्या १५ जणांमध्ये या आजाराचा एक दुर्मीळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले.

आपल्या नियमांनुसार डोळ्यांच्या प्रसाधनांचा अपवाद सोडला तर कोणत्याही सौंदर्यप्रसाधनात पारा मुद्दाम घालता येत नाही. नकळत आला तरी तो दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. पण ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ताच नाही, तिला नियम कोण लावणार? परदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या, पार्लरमध्ये साध्या डबीत भरून मिळणाऱ्या किंवा ओळखीतून येणाऱ्या क्रीमबाबत जास्त सावध राहावे. काहींवर 'हर्बल' असेही लिहिलेले असते. लेबलवर मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल, अमोनिएटेड मर्क्युरी यांपैकी काही दिसले तर ती डबी घ्यायची नाही. मात्र बहुतेक वेळा हे नाव छापलेलेच नसते.

दुसरा प्रकार स्टेरॉइडचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही औषधे एक्झिमासारख्या आजारांत डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली तर त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, पुरळ येते, मुलींच्या चेहऱ्यावर केस वाढतात. क्रीम बंद केली की चेहरा भाजल्यासारखा होतो, म्हणून ती पुन्हा लावली जाते. २०१८ मध्ये सरकारने अशा अनेक मलमांना 'डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही' या यादीत टाकले. तरीही ती काउंटरवर सहज मिळतात, हे आपण सगळे जाणतो.

अशी क्रीम वापरत असाल आणि पाय किंवा डोळ्यांखाली सूज, लघवीला फेस, हाताला कंप, झोप न लागणे असे काही जाणवत असेल तर डॉक्टरकडे जा आणि डबी सोबत न्या. लघवीतील प्रथिनांची साधी तपासणी लवकर करून घ्यावी. पाऱ्याची क्रीम थांबवल्यावर बऱ्याच रुग्णांत सुधारणा होते. स्टेरॉइड मात्र मनाने एकदम न सोडता डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे सोडावे. पाऱ्याचा अंश उशी, टॉवेल, हात यांवरून घरातल्या लहान मुलांपर्यंतही पोहोचतो. म्हणून ती डबी पिशवीत घट्ट बंद करून बाजूला ठेवावी, मोरीत रिकामी करू नये.

इथे ऑरगॅनिक पर्याय कोणता, असे भगिनी विचारतात. प्रामाणिक उत्तर असे की त्वचेचा मूळ रंग बदलणारी कोणतीही सुरक्षित क्रीम नाही, ऑरगॅनिकही नाही. उन्हाने आलेला काळसरपणा कमी करायला सनस्क्रीन, छत्री आणि ओढणी पुरेशी आहे. बाकी रंगावरून मुलीला नाकारणाऱ्या घराला आपणच नकार द्यायला हवा.

सुरमा आणि काजळ : लहान मुलांच्या डोळ्यांत नको

सुरमा लावणे सुन्नत आहे, हे घराघरात सांगितले जाते. हदीसमध्ये 'इस्मद'चा उल्लेख येतो आणि इस्मद म्हणजे अँटिमनी या धातूचे खनिज, असे सामान्यतः मानले जाते. पण बाजारात सुरमा म्हणून मिळणारी काळी चमकदार पूड अनेकदा वेगळ्याच खनिजाची असते. त्याचे नाव गॅलेना, म्हणजे शिशाचा सल्फाइड. शुद्ध गॅलेनामध्ये वजनाने ८६ टक्क्यांहून अधिक शिसेच असते. दिसायला दोन्ही सारखेच, त्यामुळे घरी बसून फरक ओळखता येत नाही. अँटिमनीही काही अगदी निरुपद्रवी नाही.

डोळ्यांतला सुरमा अश्रूंबरोबर नाकात, घशात उतरतो. मूल डोळे चोळते, तेच बोट तोंडात घालते. शिसे शरीरात साठत जाते. लहान मुलांत त्यामुळे रक्त कमी होते, भूक मंदावते आणि मेंदूच्या वाढीवर, अभ्यासावर परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांच्या रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही. गरोदर बाईच्या शरीरातले शिसे पोटातल्या बाळापर्यंत जाते, म्हणून तिनेही सुरमा टाळावा.

मग घरी दिव्यावर धरलेले काजळ? त्यात शिशाची भीती कमी असते. पण ती शेवटी काजळीच. नवजात बाळाच्या डोळ्यांत बोटाने घातले की संसर्गही होतो. बाळाच्या डोळ्यांत काहीच घालू नये, हाच बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. नाळेवर तर सुरमा अजिबात नको. नजरेपासून जपायला दुआ आहेच. मोठ्यांना काजळ लावायचेच असेल तर परवाना क्रमांक असलेले, घटक छापलेले घ्यावे आणि एकाची कांडी दुसऱ्याने वापरू नये. घरात वर्षानुवर्षे सुरमा वापरात असेल आणि मूल सुस्त, फिकट दिसत असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. रक्तातील शिशाची तपासणी करता येते.

मेहंदी : हिरवी चांगली, 'काळी' नको

नैसर्गिक प्रसाधनांत मेहंदीला तोड नाही. राजस्थानातील पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेहंदी देशभर जाते. मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचा रंग असतो. तो आधी केशरी दिसतो आणि २४ ते ४८ तासांत गडद तांबूस-तपकिरी होतो. चांगल्या रंगासाठी मेहंदी सहा-आठ तास हातावर राहावी लागते. शुद्ध मेहंदी काळी रंगत नाही, हे एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुरे.

'दहा मिनिटांत गडद', 'इमर्जन्सी कोन', 'काली मेहंदी' अशा कोनांत रासायनिक रंग मिसळलेले असतात. त्यात सगळ्यात त्रासदायक पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमाइन. त्याने काहींना खाज, फोड येतात आणि नक्षीच्या आकारात डाग राहून जातात. एकदा ही ऍलर्जी जडली की जन्मभर राहते. पुढे तीच व्यक्ती केसांना डाय लावते तेव्हा चेहरा, डोळे सुजून दवाखाना गाठावा लागतो. चांद रातीला घाईत लावलेल्या एका कोनाची ही किंमत फार मोठी आहे.

घरी कोन भरणे अवघड नाही. चाळलेली मेहंदी पूड, लिंबाचा रस किंवा चहाचे पाणी, थोडी साखर आणि थोडे निलगिरीचे तेल एवढेच लागते. पेस्ट रात्रभर झाकून ठेवावी. असा कोन बाहेर ठेवला तर काही दिवसांत रंग सोडतो, फ्रीझरमध्ये बराच टिकतो. याचा उलटा अर्थही ध्यानात घ्या : दुकानात महिनोन्‌महिने उघड्यावर राहूनही जो कोन ताजा राहतो, त्यात आणखी काहीतरी आहे. रॉकेलसारखा वास येत असेल तरी तो कोन नको.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत शुद्ध मेहंदीही जपून. काही मुलांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असते, मुलग्यांत जास्त. अशा बाळाच्या अंगाला मेहंदी लावल्यास रक्तपेशी फुटून कावीळ आणि तीव्र रक्तक्षय होऊ शकतो. घरात कुणाला ही कमतरता असल्यास किंवा बाळाला जन्मतः जास्त कावीळ झाली असल्यास विचारल्याशिवाय मेहंदी लावू नये. अशा घरांत डांबराच्या गोळ्याही बाळाच्या कपड्यांत ठेवत नाहीत, त्याचे कारण हेच.

केस आणि दाढी रंगवणाऱ्या पुरुषांनीही हे वाचावे. 'हर्बल काली मेहंदी' म्हणून मिळणाऱ्या पुडीत अनेकदा पीपीडी असते. पाकिटावर घटक पाहा. रसायनाशिवाय गडद रंग हवा असेल तर आधी मेहंदी आणि ती धुतल्यावर नीळीच्या पानांची पूड, म्हणजे इंडिगो, असे दोन टप्प्यांत करावे लागते. वेळ जातो, पण जमते.

अत्तर : अल्कोहोल नाही म्हणजे रसायन नाही, असे नव्हे

अत्तराची पारंपरिक पद्धत कनौजची. तांब्याच्या देगमध्ये फुले उकळून वाफ भपक्यातल्या चंदनाच्या तेलात मुरवतात. असे गुलाबाचे किंवा मोगऱ्याचे अत्तर महागच असते. स्वस्त बाटलीत बहुधा कृत्रिम सुगंध आणि पॅराफिन किंवा तत्सम द्रव असतो. तो वापरू नये असे नाही. पण 'शुद्ध नैसर्गिक' म्हणून जास्त पैसे देऊ नयेत. सुगंध हे त्वचेच्या ऍलर्जीचे एक मोठे कारण आहे, आणि लिंबूवर्गीय तेले लावून उन्हात गेले तर काळे डाग पडतात. म्हणून अत्तर कपड्याला लावणे बरे, तान्ह्या बाळाला तर नकोच.

रोजच्या वापराचे साधे पर्याय

खर्चिक ऑरगॅनिक डबीपेक्षा स्वयंपाकघरातल्या आणि किराणा दुकानातल्या काही वस्तू चांगले काम करतात.

• अंगाला आणि केसांना : खोबरेल तेल. कोकणात हे सांगायला नको. बाळाच्या मालिशसाठी मोहरीच्या तेलापेक्षा खोबरेल सौम्य आहे.
• ओठांना : मेण आणि खोबरेल तेल वितळवून केलेला बाम. पाणी नसल्यामुळे तो टिकतो. पेट्रोलियम जेलीही चालते, ती स्वस्त आणि सौम्य आहे.
• केस धुवायला : रिठा-शिकेकाई. डोळ्यांत गेल्यास फार झोंबते, म्हणून लहान मुलांना नको.
• चेहऱ्याला : बेसन आणि दही, किंवा मुलतानी माती आणि गुलाबपाणी. कोरडी त्वचा असेल तर मुलतानी माती आठवड्यातून एकदा पुरे.
• कोरफड : पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी गळू द्यावा. त्याने खाज सुटते. आतला पांढरा गर वापरावा.

लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा मात्र चेहऱ्यावर नको, त्वचेची जळजळ होते. पाणी, दही, फळे घातलेले मिश्रण त्याच दिवशी संपवावे. त्यात संरक्षक द्रव्य नसते, त्यामुळे जंतू लवकर वाढतात. विकतच्या क्रीममध्ये संरक्षक घालतात ते याचसाठी. त्याचे नाव वाचून लगेच घाबरू नये.

ऑरगॅनिक म्हणजे हलाल का?

नाही. या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. ऑरगॅनिक वस्तूतही मेण, दूध, मेंढीच्या लोकरीतले लॅनोलिन असू शकते. ग्लिसरीन आणि स्टिअरिक ऍसिड वनस्पतीचेही असते, प्राण्याच्या चरबीचेही. लिपस्टिकमधला कारमाइन हा लाल रंग, ज्याचा क्रमांक सी.आय. ७५४७० आहे, किड्यांपासून काढतात. 'व्हेगन' अशी खात्रीची खूण असेल तर प्राणिज घटकांचा प्रश्न सुटतो, अल्कोहोलचा नाही. आणि सेटिल अल्कोहोल, सेटेरिल अल्कोहोल या नावांनी गोंधळू नये. ते मेणासारखे पदार्थ आहेत, नशेचे अल्कोहोल नव्हे. नेलपॉलिश ऑरगॅनिक असली तरी नखावर थर देतेच. वजूच्या दृष्टीने याबाबत आपल्या आलिमांना विचारावे. मेहंदीने नुसता रंग चढतो, म्हणून आपल्या नानी-दादींनी नखांना मेहंदीच लावली.

डबी हातात घेतल्यावर काय पाहाल?

१. बनवणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता. हे नसेल तर पुढचे वाचायची गरज नाही.
२. उत्पादन परवान्याचा क्रमांक. वस्तू परदेशी असेल तर आयातदाराचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक.
३. बॅच नंबर आणि वापराची शेवटची तारीख.
४. घटकांची यादी. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापतात. पुढच्या बाजूला 'केशर' आणि मागच्या यादीत ते अगदी शेवटी, असे असेल तर काय समजायचे ते समजा.
५. 'ऑरगॅनिक' लिहिले असेल तर प्रमाणपत्र कोणाचे, ते नाव.
६. उघड्या डबीचे छोटे चित्र आणि त्यावर ६ किंवा १२ आकडा. उघडल्यावर वस्तू तितके महिने वापरता येते.

नवी वस्तू, नैसर्गिक असली तरी, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून ४८ तास वाट पाहावी. निकाहाच्या आदल्या दिवशी नवरीच्या चेहऱ्यावर नवे काहीही लावू नये, दोन आठवडे आधी तपासून घ्यावे.

त्रास झाला तर

वस्तू लगेच धुऊन टाका, पुन्हा लावू नका. श्वास लागत असेल किंवा डोळे, ओठ सुजत असतील तर थेट दवाखान्यात जा. डबी, पाकीट आणि बिल जपून ठेवा, फोटो काढा. तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करता येते. ग्राहक म्हणून १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही करता येते. बिल मागायची सवय लावली तर तक्रारीला आधार मिळतो. पत्ता नसलेल्या डबीला तोही मिळत नाही.

सगळे घर एका दिवसात ऑरगॅनिक करण्याची गरज नाही आणि ते परवडणारेही नाही. आज फक्त तीन गोष्टी तपासा : बिनपत्त्याची गोरेपणाची क्रीम, मुलांचा सुरमा आणि काळ्या मेहंदीचा कोन. या तीन वस्तू घराबाहेर गेल्या, तर उरलेली निवड सवडीने करता येईल.